सोसायटीतली जैवविविधता वाचवायचीये? पोस्टर राहू द्या, या क्रमाने कामाला लागा

जैवविविधता म्हटलं की आपल्याला ताडोबाचा वाघ आठवतो, फार तर भीमाशंकरचं शेकरू, आणि मग साहजिकच वाटतं की हे फॉरेस्टवाल्यांचं काम, आपण कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर बसून काय दिवे लावणार. दरवर्षी २२ मेला जैवविविधता दिन असतो, त्या दिवशी ग्रुपवर एक हिरवं पोस्टर येतं, त्यावर आठ-दहा हात जोडलेले इमोजी पडतात आणि विषय संपतो. आणि नेमक्या त्याच मे महिन्यात खाली कंपाउंडला पावसाळ्याआधीची छाटणी म्हणून करवत चालू असते आणि फांद्यांबरोबर घरटी खाली येत असतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला विचाराल तर पुण्यासारख्या शहरात जे काही जगतंय ते आपण न विचारता जगतंय. ते मारायचं थांबवलं तरी खूप झालं. म्हणून खालच्या क्रमात झाडं लावणं बरंच खाली आहे, बघून नाराज होऊ नका.

आधी एक फेरी मारा, हातात वही घेऊन

काय वाचवायचंय तेच माहीत नसेल तर मीटिंगमध्ये तुमचं कोण ऐकणार? तर पहिलं काम म्हणजे आपल्याच सोसायटीची यादी. सकाळी साडेसहा-सातला एक फेरी आणि रात्री जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन एक फेरी, कारण रात्रीची मंडळी वेगळी असतात, पार्किंगच्या दिव्याखालचे पतंग, भिंतीवरच्या पाली, पावसाळ्यात गटाराच्या कडेला बसलेला बेडूक, आणि उंबर असेल तर त्यावर घिरट्या घालणारी वटवाघळं. सकाळी बुलबुल, शिंजीर, दयाळ, शिंपी, तांबट, खार, एवढी मंडळी तर बहुतेक जुन्या सोसायटीत सापडतातच. तांबट दिसत नाही पण ऐकू येतो, दुपारी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक-टुक आवाज चालू असतो तो त्याचा.

फेरीला एकटे जाऊ नका, बिल्डिंगमधली दोन-तीन पोरं आणि एखाद्या आजी बरोबर घ्या. पोरांची नजर तीक्ष्ण असते आणि आजींना झाडांची नावं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. आणि माळीकाकांना तर घ्याच. कुठल्या झाडावर कावळ्याचं घरटं आहे, धामण कुठल्या बिळात जाते, हे त्यांना आधीपासून माहीत असतं, कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

नोंदीसाठी आयनॅचरलिस्ट ॲप चांगलं आहे, फोटो टाकला की ते नाव सुचवतं आणि बाकीचे लोक तपासून दुरुस्त करतात. पक्ष्यांसाठी ईबर्ड, आणि नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा असेल तर मर्लिन. तिन्ही फुकट आहेत. फक्त घरट्यांचे फोटो लोकेशनसकट टाकू नका, आयनॅचरलिस्टवर लोकेशन अंधुक करायची सोय आहे ती वापरा. लोकांना जमवायला निमित्त हवं असेल तर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, त्यात पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून पक्षी मोजले तरी चालतात, त्यामुळे 'वेळ नाही' म्हणायची सोय राहत नाही.

ही यादी नुसता छंद आहे असं समजू नका. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला लागते आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. म्हणजे ग्रामपंचायतीपासून पुणे महानगरपालिकेपर्यंत सगळे आले. या नोंदवहीच्या कल्पनेमागे पुण्याचेच पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, त्यांचा आग्रहच असा की आसपास राहणाऱ्या माणसाला जे माहीत आहे ते कागदावर यायला हवं. तुमच्या वहीतली दोन पानं त्याच जातीची आहेत.

ग्रुपवर लेक्चर नको, आठवड्याला एक प्राणी

'निसर्ग वाचवा' या मेसेजवर कुणी थांबत नाही. पण 'बी विंगच्या जिन्याखाली हे कोण बसलंय ओळखा' म्हणून एक फोटो टाका, बघा कशी चर्चा पेटते. आठवड्याला एकच, आणि शक्यतो सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातला.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा, तो प्रत्येकाच्या गॅलरीत असतो. पानावर पक्ष्याची शिट पडावी तसं काळपट-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसतं, आपण बोटाने उडवायला जातो आणि ते हलतं. ती फुलपाखराची अळी आहे, बहुधा कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लायची. लहान असताना शिटेसारखी दिसते म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते, आणि तरीही कुणी डिवचलंच तर डोक्यामागून लाल-केशरी दोन शिंगं बाहेर काढते आणि त्याला उग्र वास येतो. पोरांना हे एकदा दाखवा, दुसऱ्या दिवशी अजून चार पोरं घेऊन येतात. ती पानं खाते हे खरं, छोट्या कुंडीतला कढीपत्ता अर्धा टकला करते, पण झाड मरत नाही, परत फुटतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू निलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, त्याच्या अळ्यापण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. २०१५ मध्ये ते राज्य फुलपाखरू झालं, आणि आपण मात्र लिंबाच्या कुंडीवर 'कीड पडली' म्हणून स्प्रे मारतो.

फवारणीचं कॅलेंडर मागून घ्या

बऱ्याच सोसायट्यांमध्ये पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट असतं आणि बागेत दर महिन्याला काय मारलं जातं हे कमिटीलाही धड माहीत नसतं. सेक्रेटरींना गोड बोलून विचारा, औषधाचं नाव काय, कुठे मारतात, किती वेळा. मग एवढंच मागा: घरातल्या झुरळांचं काय ते चालू ठेवा, बागेत मात्र कीड दिसल्याशिवाय फवारणी नको, आणि फुलोऱ्यावर तर कधीच नको, कारण तिथे मधमाश्या असतात.

डासांचा मुद्दा हमखास निघणार, डेंग्यू आहे, लोक घाबरतात, ते चूक नाही. पण धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचं भंगार, टाक्यांची झाकणं तपासणारी टीम करा. गप्पी मासे सोडायचे तर बंदिस्त हौदातच, ओढ्यात किंवा पाषाण तलावात अजिबात नको, ते बाहेरचे मासे आहेत. हेच घरच्या टँकमधल्या माशांचं आणि कंटाळा आलेल्या लाल कानाच्या कासवाचं. 'मोकळं सोडलं' म्हणजे पुण्य नाही, इथल्या माशांच्या आणि कासवांच्या डोक्यावर आणून बसवलेला भाडेकरू आहे तो.

छाटणी: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण एवढं करा. छाटणी एप्रिल-मेमध्ये होते कारण वादळी पावसात फांद्या गाड्यांवर पडतात ही भीती, आणि ती रास्त आहे. पण तेच महिने कावळ्यांच्या घरट्यांचे, त्याच घरट्यांत अंडी घालणाऱ्या कोकिळेचे, आणि मार्चपासून राखी धनेशाचे. धनेश हा पक्षी बघायला लोक कॅमेरे घेऊन लांब जातात, पुण्यात तो जुन्या झाडांच्या रस्त्यांवर आरामात दिसतो. मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. पुढचे अनेक आठवडे ती आतच, आणि नर उंबर-वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. आता विचार करा, तुम्ही ते 'पोकळ झालेलं धोकादायक झाड' एप्रिलमध्ये पाडलं तर आत कोण असेल.

तांबट तर वाळक्या, मऊ झालेल्या फांदीलाच भोक पाडून घर करतो. आपण नेमकी वाळकी फांदी आधी उडवतो.

तर करायचं असं. छाटणी शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत उरकून घ्या. त्याआधी एक आठवडा झाडं खालून नीट बघा, कारण घारींची घरटी हिवाळ्यातच असतात, काड्यांचा मोठा ढीग दिसला आणि घार येऊन-जाऊन असेल तर ते झाड पुढच्या यादीत ढकला. कुठल्या फांद्या काढायच्या त्यांवर खडूने खूण करा, नाहीतर ठेकेदार झाडाचा खांब करून जातो. रस्त्यावर, पार्किंगवर न येणारी वाळकी फांदी राहू द्या. आणि महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, फांद्या तोडायलाही लागते, नुसतं 'आमच्या आवारातलं झाड आहे' म्हणून चालत नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. अख्खं झाड तोडायचं असेल तर नोटीस निघते, ती बऱ्याचदा झाडावरच चिकटवलेली असते, कुणी वाचत नाही. तिच्यात हरकत घ्यायची मुदत दिलेली असते, त्या मुदतीत लेखी अर्ज द्या, आणि त्यात 'पर्यावरणाची हानी होईल' असं गोल लिहू नका, 'या झाडावर अमुक तारखेला धनेशाची ढोली दिसली, फोटो जोडला आहे' असं लिहा. पहिल्या फेरीतली वही इथे कामाला येते.

जाता जाता अजून एक, पेव्हर ब्लॉक बसवताना खोडाला चिकटून सिमेंट घातलंय का बघा. निदान मीटरभर माती मोकळी पाहिजे, नाहीतर पाणी मुळांपर्यंत पोचत नाही आणि मग तेच झाड पावसात कोसळलं की आपण झाडाला दोष देतो.

पाचोळा

पाचोळा जाळू नका, कचऱ्याच्या गाडीतही देऊ नका. एका कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात साठवा, पाणी मारत राहा, काही महिन्यांत खत होतं. झाडाच्या बुडाशी पसरलेला पाचोळा तसाच ठेवला तर अजून बरं, त्यात गोम, वाणी, गांडुळं असतात आणि ती खायला दयाळ येतो. घरी जागा नसेल तर पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे, ज्यांना पाचोळा नको ते आणि ज्यांना हवा ते एकमेकांना गाठतात.

आता झाडं लावा, पण कुणासाठी ते ठरवून

गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि सुबाभूळ अमेरिकेकडचे. म्हणून काय मोठे रेन ट्री तोडायचे का, तर अजिबात नाही, त्यांच्यावर घारी-बगळे राहतात, आहेत ते राहू द्या. नवीन लावताना मात्र इथलं लावा. मोठी जागा असेल तर उंबर, करंज, पांगारा, काटेसावर. मध्यम जागेला बहावा, ताम्हण, आपटा. उंबर म्हणजे तर चोवीस तास चालू असलेली खानावळ, फळाच्या आत परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी, बाहेर बुलबुल, धनेश, रात्री वटवाघळं. फळं पडून गाड्या खराब होतात ही तक्रार येणारच, म्हणून तो पार्किंगपासून लांब लावा आणि वाद आधीच मिटवा.

गॅलरीवाल्यांसाठी: लिंबू आणि कढीपत्ता वर आलाच. पानफुटी लावली तर रेड पिएरो नावाचं छोटं, लाल-काळं-पांढरं फुलपाखरू येतं, त्याची अळी पानाच्या आत शिरून खाते. कण्हेरीवर कॉमन क्रो, सोनचाफ्यावर टेल्ड जे, हीपण फुलपाखरंच. कंपाउंडच्या कडेला आपोआप उगवलेली रुई उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखरू तिच्यावर वाढतं. नुसती फुलं असून भागत नाही, फुलं म्हणजे हॉटेल झालं, अळीला वाढायला तिचं ठराविक झाडच लागतं.

उपटायचंच असेल तर गाजरगवत उपटा, हातमोजे घालून आणि फुलायच्या आत. भारतात ते पसरायला लागल्याची सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकातली, आणि तीही आपल्या पुण्यातलीच, तेव्हा थोडी जबाबदारी आहेच आपली.

दिव्यांचं दोन ओळीत सांगतो. बागेतले पांढरे, वर तोंड केलेले एलईडी काढून पिवळसर आणि खाली तोंड असलेले लावा, रात्री अकरानंतर टायमर. किडे कमी मरतात आणि बिलही कमी येतं, कमिटीला दुसरं कारण सांगा. उन्हाळ्यात पक्ष्यांना पाणी ठेवायचं तर उथळ भांड्यात, दोन-तीन बोटं, आणि रोज बदलून. कबुतरांना दाणे मात्र नको. आधीच त्यांची संख्या भरमसाठ आहे, त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात, आणि भिंतीतल्या बाकी पक्ष्यांच्या जागा ती बळकावतात. यावरून घराघरात भांडणं होतात हे मला माहीत आहे, तरीपण नको.

साप, मोहोळ, पडलेलं पिल्लू: आधीच ठरवून ठेवा

साप निघाला की धावपळीत तो मारलाच जातो, म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये आधीच एक कागद लावा. त्यावर वनविभागाची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन दल १०१, ॲम्ब्युलन्स १०८. खाली तीन वाक्यं: सापापासून आठ-दहा फूट लांब राहा, एका माणसाने त्याच्यावर नजर ठेवा, पोरांना आणि कुत्र्यांना आत न्या. विषारी चार नावं सगळ्यांना पाठ असावीत, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सोसायटीत बहुतेक वेळा निघते ती धामण, बिनविषारी, उंदरांवर जगणारी. पण फोटोवरून घरबसल्या 'बिनविषारी आहे हो' असं ठरवू नका, बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यात भले भले फसतात. कुणाला चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही न करता सरळ हॉस्पिटल. आणि साप येऊच नये असं वाटत असेल तर ओला कचरा झाकून ठेवा, उंदीर गेले की सापाचं कामच संपतं.

मोहोळाचं तसंच. झुडपात एका बारीक फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं असेल तर त्या फुलोरी माश्या, त्यांना हात लावला नाही तर त्या काही करत नाहीत. पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं मोठं पोळं आग्या माश्यांचं, तिथे दोरी लावून रस्ता बंद करा, त्या स्थलांतर करतात, काही काळाने आपोआप जातात. खिडकीजवळच असेल तर जाळणाऱ्याला न बोलवता मोहोळ हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, चौकशी करता येते.

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू खाली दिसलं तर ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय, आईबाप आसपास असतात. मांजर येणार नाही अशा झुडपात ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात ही नुसती अफवा आहे.

सणावारी

वटपौर्णिमेला मंडईत वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, त्यापेक्षा सोसायटीतल्या किंवा जवळच्या जिवंत वडाची एकत्र पूजा ठरवा, बायका खूश असतात, गप्पाही होतात. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्याऐवजी एका घरी एकच पान, किंवा नुसतं 'सोन्यासारखे राहा'. संक्रांतीला नायलॉन मांजा दिसला तर गप्प बसू नका, २०१७ पासून हरित लवादाने देशभर बंदी घातलेली आहे, दुकानाची तक्रार पोलिसांकडे करता येते, आणि पतंग संपल्यावर पोरांना घेऊन झाडांत अडकलेला मांजा काढून घ्या, पक्षी नंतर कितीतरी दिवस त्यात अडकत राहतात. नागपंचमीला टोपलीतला नाग दारात आला तर पैसे देऊ नका, साप दूध पीत नाही आणि तो धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. पिंजऱ्यातला पोपटही बसत नाही. 'हत्ताजोडी' नावाची मुळी म्हणून जे विकतात ती बऱ्याचदा मुळी नसून घोरपडीचा अवयव असतो, हे देवघर सजवणाऱ्या मंडळींना जरूर सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात.

टेकडीवर जाता ना?

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, रोज सकाळी हजारो लोक जातात आणि प्रेमापोटी बरंच काही बिघडवून येतात. टेकडीवरचं उन्हाळ्यातलं वाळकं गवत म्हणजे ओसाड जमीन नाही. त्यात रातवा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो, तितर फिरतात, आणि पावसाळ्यात तिथूनच इतकी रानफुलं येतात. त्यामुळे जिथे गवत आहे तिथे खड्डे खणून झाडं लावायचे कार्यक्रम घेऊ नका. टेकड्यांवर गिरिपुष्प नावाचं बाहेरचं झाड आधीच भरपूर लावून झालंय. सीड बॉल, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, तेसुद्धा हातात कसलं बी आहे हे माहीत नसेल तर फेकू नका. मोरांसाठी धान्य, कुत्र्यांसाठी बिस्किटं, दोन्ही घरीच ठेवा, कुत्र्यांना खायला घालायचं तर सोसायटीजवळ ठराविक जागी घाला, टेकडीवर टोळ्या जमल्या की जमिनीवरची घरटी राहत नाहीत. फेब्रुवारी ते मे वणव्यांचा काळ, धूर दिसला की व्हिडिओ नंतर, आधी १०१ आणि १९२६.

शेवटी एजीएम

हे सगळं तोंडी राहिलं की कमिटी बदलल्यावर बुडतं. म्हणून एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, ठराव आणा, फक्त तीन ओळींचा, जास्त मागितलं की चर्चाच होत नाही. एक, बागेत कीड दिसल्याशिवाय फवारणी नाही. दोन, छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत आणि घरटी तपासून, धोका असेल तर अपवाद. तीन, कंपाउंडचा एक कोपरा न झाडता, न कापता सोडायचा, वर्षभर. तिसऱ्यावर 'घाण दिसतं' असा सूर निघेल, तेव्हा त्या कोपऱ्याला विटांची कड करून घ्या आणि एक पाटी लावा, मुद्दाम ठेवलंय हे कळलं की लोक गप्प बसतात. ठराव मराठीत लिहा आणि एक कॉपी माळीकाकांना द्या, कारण पुढच्या वेळी ठेकेदार करवत घेऊन येईल तेव्हा खाली तेच असणार आहेत, तुम्ही ऑफिसात असाल.